काळ कोणत्या बाजूस आहे?

एक साधा प्रयोग करून पाहा. आपल्या मित्रास विचारा, "गेले वर्ष कोठे आहे, ते हाताने दाखव." प्रथम तो तुमच्या तोंडाकडे पाहील, मग थोडा हसेल, पण हात करावयाचाच झाला, तर तो पाठीकडे करील. येणारे वर्ष कोठे, असे विचाराल तर तो समोर बोट दाखवील. 'मागील वर्षी', 'पुढील वर्षी' असे आपण रोज म्हणत असतो. आम्ही घरी कोंकणी बोलतो. तेथेही 'फाटलें वर्स' आणि 'फुडलें वर्स' असेच आहे, आणि भविष्यकाळास तर कोंकणीत 'फुडार' असा मोठा गोड शब्द आहे. इंग्रजी किंवा पोर्तुगीज बोलणारा मनुष्यही भविष्याकडे तोंड आणि भूतकाळाकडे पाठ करूनच उभा असतो. तेव्हा ही सर्व मनुष्यजातीचीच रीत असावी, यात विचारण्यासारखे ते काय, असे कोणासही वाटेल.

परंतु पृथ्वीवर असेही लोक आहेत, की ज्यांस हाच प्रश्न विचारला असता ते गेलेले वर्ष समोर दाखवितात आणि उद्याचा दिवस खांद्यावरून पाठीकडे. त्यांची काही चूक होत नाही, की ते थट्टाही करीत नाहीत. त्यांच्याजवळ त्याचे कारण आहे, आणि ते कारण एकदा ऐकले म्हणजे आपलीच रीत आपण पुरता विचार न करता उचलली की काय, अशी शंका येऊ लागते. त्या लोकांचा काळाविषयीचा विचार कोणता, आणि त्यातून पुढे काय काय निघते, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

तत्त्वज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथ उभे राहतात. उपनिषदे, त्यांवरील भाष्ये, ग्रीस देशातील प्लेटोचे संवाद अशी ती मालिका असते. ज्यांस लिपी नव्हती त्यांस तत्त्वज्ञानही नव्हते, असे युरोपातील पंडित दीर्घकाळ मानीत आले. आणि खरे सांगावयाचे तर आपल्याकडील शिकलेली मंडळीही रानावनात राहणाऱ्या लोकांविषयी याहून वेगळे बोलत नाहीत. पण जो समाज लिहीत नाही तो विचारही करीत नाही, हे कशावरून? तो आपले चिंतन ग्रंथात ठेवीत नाही इतकेच. मग ते कोठे शोधावयाचे? त्याच्या भाषेच्या व्याकरणात, घराच्या बांधणीत, परक्याला आपली ओळख करून देण्याच्या रीतीत.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या रांगांमध्ये एक विस्तीर्ण पठार आहे, आणि त्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका नावाचे सरोवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर तेथे शेती होते, बाजार भरतात, मुले शाळेत जातात. बोलिव्हिया, पेरू आणि चिलीचा उत्तर भाग यांत पसरलेल्या या मुलखात आयमारा नावाचे लोक राहतात. बटाटा हे त्यांचे मुख्य पीक आणि लामा हे त्यांचे ओझ्याचे जनावर. पंधराव्या शतकात त्यांस इंका राजांनी जिंकले, सोळाव्यात स्पॅनिश लोकांनी. पण त्यांची भाषा टिकली, आणि आजही लाखो लोक ती बोलतात.

या भाषेत 'नायरा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ डोळा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ समोरची बाजू, आणि तिसरा अर्थ भूतकाळ. 'मारा' म्हणजे वर्ष; तेव्हा 'नायरा मारा' म्हणजे शब्दशः समोरचे वर्ष, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ गेले वर्ष. उलट 'खिपा' म्हणजे पाठीमागची बाजू, आणि 'उरू' म्हणजे दिवस. या दोहोंपासून झालेला 'खिपुरू' म्हणजे यावयाचा दिवस. यामागील तर्क अगदी सरळ आहे. जे घडून गेले ते आपण पाहिलेले आहे. पाहिलेली वस्तू डोळ्यांसमोरच असणार, कारण डोळे पुढच्या बाजूस आहेत. जे अजून घडलेच नाही ते कोणीही पाहिलेले नाही; आणि जे मुळीच दिसत नाही त्याची जागा पाठीमागे. आपण म्हणतो, भविष्य आपल्यासमोर आहे. समोर आहे तर मग दिसत का नाही? आयमारा म्हातारा हे विचारील, आणि त्यास पटेल असे उत्तर निदान आम्हांस तरी सुचलेले नाही.

आयमारा भाषेचा मोठा कोश १६१२ साली सरोवराच्या काठी हुली या गावी छापला गेला. तो लुदोविको बेर्तोनियो या इटालियन जेझुइट पाद्र्याने केला होता. गोव्यातील वाचकांस यावरून दुसऱ्या एका जेझुइटाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्याच सुमारास आमच्या साष्टी महालात इंग्लंडातून आलेले फादर थॉमस स्टीफन्स मराठीत ख्रिस्तपुराण रचीत होते. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि त्यांचे कोंकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. दोघांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तथापि ज्या भाषा ते शिकले त्यांविषयीची त्यांची आस्था आजही त्या पानांतून दिसते.

आता कोणी चाणाक्ष विद्यार्थी शंका काढील. शब्दांवरून असा मोठा निष्कर्ष काढणे सुरक्षित आहे काय? शंका अत्यंत योग्य आहे, कारण आपल्याच भाषेत तिला पुरावा आहे. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले म्हणजे समोर येते ती पूर्व दिशा, पाठीकडे राहते ती पश्चिम, आणि उजव्या हातास दक्षिण. आणि तोच 'पूर्व' शब्द गेलेल्या काळासही लागतो. पूर्वी, पूर्वज, पूर्वजन्म हे शब्द पाहा. अग्र म्हणजे पुढचे टोक, पण अग्रज म्हणजे आधी जन्मलेला भाऊ. पश्चात म्हणजे मागे, आणि तोच शब्द 'नंतर' या अर्थी. मराठीतही हे अगदीच नाहीसे झालेले नाही. "आमच्यामागे या पोरांचे कसे होईल?" असे आईबाप म्हणतात, तेव्हा ते भविष्यकाळाविषयीच बोलत असतात. 'मागाहून येतो' म्हणजे नंतर येतो. 'परवा' हा शब्द तर दोन्ही बाजूंस सारखाच चालतो!

मग आपले पूर्वजही आयमारा लोकांप्रमाणे भूतकाळाकडे तोंड करून बसत होते काय? तसे म्हणता येत नाही. बैलगाड्यांची रांग डोळ्यांपुढे आणा. जी गाडी पुढे ती आधी पोहोचते, जी मागे ती नंतर. येथे पुढे-मागे हे गाड्यांचे आपसांतले नाते आहे. पाहणारा कोणीकडे तोंड करून उभा आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'पूर्वज' आणि 'पश्चात' यांचा उलगडा या रांगेच्या चित्राने होऊ शकतो. आयमारांचे 'नायरा' आणि 'खिपा' हेही असेच रांगेचे शब्द नसतील कशावरून?

ही गाठ सोडविली ती हातवाऱ्यांनी. राफाएल नुन्येझ आणि ईव्ह स्वीट्झर या दोन संशोधकांनी उत्तर चिलीतील सुमारे ३० आयमारा स्त्रीपुरुषांशी दीर्घ संभाषणे करून त्यांची चित्रफीत घेतली, आणि आपले निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. बोलणाऱ्यास आपले हात काय करीत आहेत याचे भान नसते. म्हणून हात खोटे बोलत नाहीत. वृद्ध आयमारा जुन्या गोष्टी सांगू लागले की त्यांचे हात समोर जात. जवळचा काळ असेल तर छातीशी, वाडवडिलांचा काळ असेल तर हात लांब करून. आणि भविष्याविषयी बोलताना आंगठा किंवा पंजा खांद्यावरून पाठीकडे जाई. म्हणजे येथे केवळ रांगेचा प्रश्न नव्हता. बोलणाऱ्याचे स्वतःचे शरीरच काळाच्या मध्यभागी, भूतकाळाकडे तोंड करून, उभे होते. काही वृद्धांनी तर भविष्याविषयी बोलण्याचेच नाकारले. त्याविषयी शहाणपणाचे असे फारसे काही बोलता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. राशिभविष्य छापणाऱ्या नियतकालिकांचा तेथे निभाव लागणे कठीणच.

हा केवळ दिशांचा खेळ नाही, हे व्याकरणाकडे वळले म्हणजे ध्यानात येते. बोलिव्हियातील हुआन दे दिओस यापिता हे आयमारा भाषाशास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील मार्था हार्डमन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भाषेचा कसून अभ्यास केला. त्यात दिसून आले ते असे, की आयमारा भाषेत वाक्य बोलताना आपण ती गोष्ट स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून कळली, हे सांगावेच लागते. त्यासाठी क्रियापदाची निरनिराळी रूपे आणि प्रत्यय आहेत. मराठीत आपण "तो आला म्हणे" असे म्हणतो. कोंकणीत "तो आयलो खंय" असे म्हणतात. हे 'म्हणे' आणि 'खंय' नेमके तेच काम करतात. परंतु आपल्याकडे ते ऐच्छिक आहेत. आपण 'म्हणे' गाळले तर कोणी हरकत घेत नाही, आणि अफवा पसरतात त्या याच फटीतून. आयमारा मनुष्यास ही मोकळीक नाही. "कोलंबस १४९२ साली अमेरिकेस पोहोचला" हे इतिहासाच्या पुस्तकातले साधे वाक्य स्वतः पाहिल्याच्या रूपात कोणी बोलला, तर ऐकणारा म्हणेल, "तू तेथे किनाऱ्यावर उभा होतास वाटते!"

आता सर्व जुळून येते. ज्ञान म्हणजे मुख्यतः पाहिलेले. जे मी पाहिले ते एक, जे ऐकले ते दुसरे, आणि दोहोंची सरमिसळ करणे हा खोटेपणा. भूतकाळ हा पाहिलेल्याचा प्रदेश, म्हणून तो डोळ्यांसमोर. भविष्य कोणीच पाहिलेले नाही, म्हणून ते पाठीशी. आपल्याकडील नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन वेगळी प्रमाणे मानून त्यांवर शतकानुशतके ग्रंथ लिहिले. टिटिकाकाकाठच्या शेतकऱ्याने तोच भेद व्याकरणात मुरविला आणि मुलास बोलावयास शिकविताना शिकविला. या दोहोंत श्रेष्ठ कोणते, हा वाद आम्ही घालीत नाही. पण दुसऱ्यास तत्त्वज्ञान म्हणावयाचे नाही, हे आम्हांस मान्य नाही.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. भविष्याकडे ज्यांची पाठ ते लोक उद्याची चिंता करीत नसतील, आळशी असतील, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. त्या पठारावर हिवाळ्यातील रात्री कडक गारठा पडतो आणि दिवसा लख्ख ऊन. आयमारा शेतकरी बटाटे उघड्यावर पसरून रात्री गोठू देतात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात, उन्हात वाळवितात. असे अनेक दिवस केले म्हणजे 'चुन्यो' नावाचा सुका बटाटा तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. पुढच्या दुष्काळाची याहून चांगली तरतूद ती काय असावी? पण ती तरतूद मागील दुष्काळ नजरेसमोर ठेवून केलेली असते.

दूरच्या लोकांविषयी घाईने बोलण्याचा दोष मोठमोठ्यांकडूनही झालेला आहे. उत्तर अमेरिकेतील होपी लोकांच्या भाषेत काळाची कल्पनाच नाही, असे बेंजामिन ली वूर्फ याने १९३० नंतरच्या दशकात लिहिले, आणि ते पुष्कळांनी खरे मानले. पुढे एकेहार्ट मालोत्की याने १९८३ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून होपी भाषेत काळ दर्शविणारे शब्द आणि रूपे किती विपुल आहेत ते दाखविले. केनियातील जॉन म्बिती यांनी १९६९ साली, पारंपरिक आफ्रिकी विचारात दूरच्या भविष्यास जवळजवळ स्थानच नाही, असे मांडले. घानाचे तत्त्वज्ञ क्वामे ज्येक्ये यांनी आपल्या आकान लोकांचा दाखला देऊन त्यास हरकत घेतली. एका भाषेवरून सबंध खंडाविषयी बोलू नये, हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. त्या आकान लोकांतच 'सांकोफा' नावाच्या पक्ष्याचे चित्र प्रसिद्ध आहे. त्याचे पाय पुढे वळलेले, मान मात्र पाठीकडे फिरविलेली. म्हणजे त्याचा भूतकाळ आपल्यासारखाच पाठीमागे आहे. तो फक्त वळून पाहतो. आयमारा मनुष्यास वळावे लागत नाही.

भूतकाळास समोर मानणारे आयमारा हे एकटेच नव्हेत. चिलीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे सबंध पॅसिफिक महासागर ओलांडून गेले म्हणजे न्यूझीलंड देश लागतो. तेथील माओरी लोकांच्या भाषेत 'मुआ' म्हणजे समोर आणि 'मुरी' म्हणजे मागे. आणि गेलेल्या दिवसांस ते समोरचे दिवस म्हणतात. आयमारांशी या भाषेचे कोणतेही नाते नाही. माओरींच्या विचारात मात्र भर पाहिलेल्या-ऐकलेल्यावर नसून पूर्वजांवर आहे. त्यांच्या वंशावळीच्या विद्येस 'फाकापापा' म्हणतात. 'पापा' म्हणजे थर. एकावर एक थर रचीत जावे तशी पिढीवर पिढी. ही वंशावळ माणसांपाशी थांबत नाही. ती आकाशपिता रांगी आणि पृथ्वीमाता पापा यांच्यापर्यंत पोहोचते, आणि डोंगर, नद्या, झाडे, पक्षी हे सारे त्याच कुळातले ठरतात. म्हणून माओरी मनुष्य परक्यास आपली ओळख सांगताना आधी आपला डोंगर सांगतो, मग आपली नदी, मग आपले पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी. स्वतःचे नाव शेवटी. त्यांचे सभागृह हे पूर्वजाचे शरीर असते. आढे हा त्याचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या उतरत्या फळ्या हे पसरलेले बाहू. भिंतींवर पूर्वजांच्या कोरीव मूर्ती. सभेस बसलेल्या माणसाच्या चोहोंकडे भूतकाळ अक्षरशः उभा असतो.

या विचारास एकदा न्यायालयात उभे राहावे लागले. तेथील वांगानुई नदी सुमारे २९० किलोमीटर लांबीची आहे. तिच्या काठच्या माओरींनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून नदीविषयी सरकारकडे दाद मागितली. पुढे १९३८ साली नदीच्या पात्राविषयीचा दावा न्यायालयात दाखल झाला आणि १९६२ पर्यंत चालून तो त्यांच्या विरुद्ध गेला. अडचण अशी, की इंग्रजी कायद्याचा प्रश्न होता, "नदीचे पात्र कोणाच्या मालकीचे?" पात्र वेगळे, पाणी वेगळे, काठ वेगळा. माओरींच्या लेखी नदी ही वडीलधारी होती. आजीचा मालक कोण, या प्रश्नास उत्तर काय द्यावयाचे? अखेर मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून डोंगरापासून समुद्रापर्यंतची ती नदी म्हणजे एक अखंड, सजीव अशी कायदेशीर व्यक्ती आहे असे मान्य केले, आणि तिच्या वतीने बोलण्यास दोन माणसे नेमण्याची तरतूद केली. एक नदीकाठच्या माओरींनी सुचविलेला, एक सरकारने. त्याच महिन्यात आपल्याकडे उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांस व्यक्तीचा दर्जा दिला होता. परंतु जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

माओरींना संसद भेटली. आयमारांच्या 'नायरा'चे काय होत आहे? नुन्येझ आणि स्वीट्झर यांच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नमूद आहे, आणि आम्हांस ती सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी वाटते. तरुण आयमारा, जे स्पॅनिश उत्तम बोलत, त्यांचे हात उलट दिशेस जाऊ लागले होते. भूतकाळ पाठीमागे, भविष्य समोर, स्पॅनिश लोकांप्रमाणेच. त्यांस कोणी वादात जिंकून आपला विचार सोडावयास लावला नव्हता. वाद झालाच नाही. ते स्पॅनिश शाळेत गेले, चांगले गुण मिळवून बाहेर आले, आणि आजोबा ज्या बाजूस तोंड करून बसले होते त्या बाजूस त्यांची पाठ झाली. आम्हां शिक्षकांच्या हातून अशी कामे नकळत होत असतात. आमच्या वर्गातील पुष्कळ मुले घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि पुढे इंग्रजीकडे जातात. तीन भाषा येणे हे भाग्यच आहे. पण "तो आयलो खंय" असे म्हणणारा मुलगा निबंधात "तो आला" इतकेच लिहितो आणि आम्ही त्यास पूर्ण गुण देतो, तेव्हा त्याची आजी जो भेद काळजीने पाळीत होती तो वहीवर येईपर्यंत गळून पडलेला असतो. 'म्हणे' हा शब्द गावंढळ म्हणून खोडणारे शिक्षकही आहेत. तो खोडू नये, असे आमचे मत आहे.

टिटिकाकाच्या त्या पठारावर वारिसाता नावाचे गाव आहे. तेथे १९३१ च्या ऑगस्टात आव्हेलिनो सिन्यानी या आयमारा गृहस्थाने एलिसार्दो पेरेस या शिक्षकाबरोबर आयमारा मुलांसाठी शाळा काढली. गावकऱ्यांनी स्वतः राबून इमारत उभी केली, आणि शाळेचा कारभार गावच्या वडीलधाऱ्यांच्या सभेच्या विचाराने चाले. आसपासच्या जमीनदारांस ते रुचले नाही; दहा वर्षांच्या आतच त्या शाळेचे मूळ स्वरूप मोडून टाकण्यात आले, आणि १९४१ च्या आरंभी सिन्यानी वारले. पुढे डिसेंबर २०१० मध्ये बोलिव्हियाने शिक्षणाचा नवा कायदा केला, आणि त्यास या दोघांचीच नावे दिली. जेथे मुलास घरची मूळ भाषाच तेवढी येते तेथे शिकविण्यास आरंभ त्याच भाषेतून करावा आणि स्पॅनिश दुसरी भाषा म्हणून शिकवावी, असे त्या कायद्यात लिहिलेले आहे.